उजव्या बाजूचं पाणी

पितळी बूच फिरत फिरत हातात आलं, आणि त्यामागून पाणी आलं नाही. वेंडेल हॉगेनने तळहात तसाच भोकाखाली धरून ठेवला. दरवर्षी याच जागी गार धार हातावर पडायची, मनगटावरून बाहीत शिरायची, आणि तो एक शिवी हासडायचा. शिवी तोंडात तयार होती. धारच आली नाही. बोट गॅरेजच्या शेजारी ट्रेलरवर उभी होती, तो मागच्या खोलगट भागात इंजिनावर पोट टाकून आडवा पडला होता, डोकं खाली, डाव्या कडेच्या अरुंद फटीत. रक्त कपाळात उतरत होतं, आणि नाकाला जुन्या तेलाचा आणि नदीच्या वाळूचा वास येत होता. वाळूच असेल, त्याने स्वतःला सांगितलं. हे इंजिन नदीचंच पाणी पिऊन थंड राहतं, आणि स्नेक नदीच्या पाण्याबरोबर वर्षभर वाळूही पोटात जाते. ती भोकाच्या तोंडाशी बसते, माणसाला वाटतं पाणी संपलं, तो बूच लावून निवांत घरात जातो, आणि जानेवारीत आत राहिलेलं पाणी गोठून लोखंड फोडतं. त्याच्या थोरल्या भावाचं, हार्लनचं इंजिन असंच फुटलं होतं. तेव्हा वेंडेलने त्याला सगळ्यांसमोर गाढव म्हटलं होतं. त्याने डब्यातून तार काढली, तिचं टोक वाकवलं आणि भोकात घातली. तार अडली नाही, सरळ आत गेली. फिरवून बाहेर काढली तर टोकाला एक थेंब होता. तेवढाच. म्हणजे भोक मोकळं होतं आणि इंजिनाची ही बाजू रिकामी होती. कोणीतरी आधीच रिकामी केली होती.

कोणीतरी म्हणजे कोण? बत्तीस वर्षं या बोटीला त्याच्याशिवाय कोणी पाना लावला नव्हता. शनिवारी त्याने बागेच्या नळाची नळी जोडून इंजिन चालवलं होतं, हिवाळ्यात खराब होऊ नये म्हणून टाकीतल्या पेट्रोलमध्ये औषध घातलं होतं, इंजिन गरम असतानाच तेल बदललं होतं. हे त्याला स्पष्ट आठवत होतं; जुनं तेल डब्यात पडताना दिसलेला रंगसुद्धा आठवत होता. नळीचं पाणी इंजिनातच राहिलं होतं, ते आज काढायचं होतं. आज मंगळवार. मध्ये रविवार होता, सोमवार होता. रविवारी त्याने खुर्चीत बसून फुटबॉल पाहिला. सोमवारी... सोमवारी काय केलं? तो उठून बसला, आणि उठताना डांगरीच्या मांडीवरच्या खिशात काहीतरी टोचलं. हात घातला तर छोटा पाना निघाला. पाना तो कधीच खिशात ठेवत नसे. खिशात पाना ठेवणारा माणूस तो पाना पाण्यात घालवतो, हे त्यानेच हार्लनला शंभरदा ऐकवलेलं वाक्य होतं.

"काय रे, कालपासून तिथेच उलटा लटकलायस का?" कुंपणापलीकडून मर्ल ओरडला. मर्ल ऑस्टबीने उभी हयात धान्याचे तराफे ढकलणाऱ्या बोटीवर काढली होती. इंजिनाच्या गोंगाटात बोलायची सवय अजून सुटली नव्हती. "बायको जेवण वरूनच टाकते की काय?"

"काल?" वेंडेल म्हणाला.

"काल दुपारी. तुझं बूड तेवढं वर दिसत होतं, हीच तपकिरी डांगरी आणि ती भिकारडी टोपी. दोनदा हाक मारली, ओ सुद्धा दिली नाहीस. म्हटलं, चला, म्हातारा बहिरा झाला. आता मला याच्याविषयी वाटेल ते बोलता येईल."

"कामात होतो," वेंडेल म्हणाला. हे शब्द किती सहज तोंडातून गेले, याचं त्याला नवल वाटलं. मर्ल हसला, पानं गोळा करायचा पंजा खांद्यावर टाकून आपल्या घरामागे गेला, आणि वेंडेल बोटीच्या कडेवर तसाच बसून राहिला. म्हणजे काल दुपारी तो इथे होता. दुसऱ्या माणसाने त्याला पाहिलं होतं. त्याने सोमवार शोधायला सुरुवात केली. सकाळी कॉफी, अंडी. मग गाडी घेऊन तो धरणाच्या बंधाऱ्याकडे गेला होता. तिथे गाडीत बसून त्याने चार खोक्यांचा एक तराफा खाली जाताना पाहिला, पुढे दोन, मागे दोन, मध्ये पाण्याची पट्टी. पण तो तराफा कालचा होता की मागच्या आठवड्यातला? कागदाच्या कारखान्याचा वास गाडीत भरला होता, त्याने काच वर केली होती. काच वर केल्याचं आठवत होतं, वार आठवत नव्हता. घरी कधी आला? दुपारी काय खाल्लं? तो जितका जोर लावी तितका सोमवार मऊ होत जाई, ओल्या कागदासारखा बोटांत तुटे, आणि त्या जागी दुसरेच दिवस येऊन बसत. त्याला काल्पनिक आठवणीही दिसू लागल्या: आपण काल इथे वाकलोय, बूच काढतोय, धार बाहीत शिरतेय. पण ही धार कालची की बत्तीस वर्षांतली कुठलीही एक, हे धारेवरून सांगता येत नव्हतं.

जेनेसी गावच्या शेतावरच्या घरात आई म्हातारपणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारायची, "कोंबड्यांना दाणे टाकले का रे मी?" कोंबड्या जाऊन पंधरा वर्षं झाली होती. "टाकलेस, आई," तो म्हणायचा, आणि हार्लन मान फिरवून हसू दाबायचा. परतीच्या वाटेवर गाडीत दोघं मोकळेपणी हसायचे. त्यात दुष्टपणा नव्हता, असं त्याला तेव्हा वाटायचं. हसलं नाही तर दुसरं काय करणार? आता पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की, "टाकलेस" हे ऐकल्यावर आईचा चेहरा कधीच शांत होत नसे. ती मान डोलवायची आणि आपल्या हातांकडे बघत राहायची. दाणे टाकल्याचं हातांना आठवतंय का, हे ती पाहत असावी. वेंडेलने आपले हात पाहिले. बोटांच्या चिरांत काळं ग्रीस होतं. ते आजचं होतं की कालचं?

आणि जुलैमधला तो दिवस. त्या दिवसाकडे त्याने चार महिने पाठ करून ठेवली होती. तो आणि त्याची बायको कॉर्लिस, दोघंच, नदीवर वर घळीत गेले होते. दोन्ही बाजूंना उभे पिवळे डोंगर, पाणी उतरलेलं, पुढे पाण्याचा तो फेसाळ उतार आणि मधला काळा खडक. या वाटेने तो दोनशे वेळा तरी गेला असेल. या बोटीला खाली पंखा नाही, ती पाणी मागे फेकून पळते. वेग कमी केला की सुकाणू ऐकत नाही, म्हणून उताराच्या तोंडाशी येऊन विचार करत थांबता येत नाही. जायचं तर पुऱ्या वेगाने, आणि कुठून ते आधीच ठाऊक असायला हवं. आणि अचानक ते पाणी नुसतं पांढरं पाणी झालं होतं. खडक होता, फेस होता, पण त्यात वाट नव्हती. कधीही न पाहिलेल्या नदीसारखी ती नदी अंगावर येत होती. पुढे बसलेली कॉर्लिस मागे न वळता म्हणाली होती, "डावीकडून, ना?" अगदी सहज, जेवणात मीठ पुरेसं आहे ना, असं विचारावं तशी. त्याच्या हातांनी सुकाणू डावीकडे फिरवलं. खडक हाताच्या अंतरावरून गेला. पुढच्या संथ पाण्यात तो म्हणाला होता, "तुला येतंय का ते बघत होतो." ती हसली होती. जरा जास्तच वेळ हसली होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

तो पुन्हा आडवा झाला, या खेपेला उजव्या कडेला. बुचं दोन असतात, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक. काल आपण डावं काढलं असेल तर उजवंही काढलंच असणार, निदान तेवढा तरी हिशोब लागेल. पाना बसवला, दाबला. बूच सुटलं, आणि धार आली. गढूळ, वाळूमिश्रित, भरघोस धार मनगटावरून बाहीत शिरून थेट कोपरापर्यंत गेली. तो शिवी द्यायला विसरला. पाणी बराच वेळ पडत राहिलं. ही बाजू भरलेली होती. डावी रिकामी, उजवी भरलेली. अर्धं काम. आत्तापर्यंत तो एका गोष्टीला घाबरत होता, आता वेगळ्याच गोष्टीला घाबरला. काम करून विसरणं एक वेळ समजू शकतं. माणसं दार लावतात आणि लावलं का म्हणून परत बघायला जातात. पण अर्ध्यावर सोडून, बूच नीट घट्ट बसवून, पाना खिशात घालून घरात निघून जाणं? कोण होता तो माणूस? उजवी बाजू असते हेच ज्याला ठाऊक नव्हतं, असा एक माणूस काल दुपारी त्याची डांगरी घालून त्याच्या बोटीत वाकला होता, आणि शेजाऱ्याने त्याला वेंडेल म्हणून ओळखलं होतं.

मागचं दार वाजलं. कॉर्लिस एका हातात कॉफीचा कप आणि दुसऱ्या हातात भोपळ्याच्या पावाचा तुकडा घेऊन गवतावरून येत होती. तिने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. अजूनही ती चालताना दोन्ही बाजूंना बघून चालायची. पक्ष्यांच्या पाण्याच्या ताटलीपाशी ती थबकली, बोटाने वरचा बर्फ दाबून पाहिला, आणि पुढे आली. काय सांगायचं हे तेवढ्या वेळात त्याने ठरवलं. हलक्या आवाजात सांगायचं, गंमत म्हणून.

"काल मी अर्धवटच सोडलं की गं," तो म्हणाला. "लक्षच नव्हतं बहुतेक."

ती ट्रेलरच्या चाकावर चढली आणि कप द्यायला वाकली. फडक्यावर दोन्ही पितळी बुचं शेजारी शेजारी ठेवली होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. कप तिच्याच हातात राहिला.

"दोन आहेत?" ती म्हणाली.

"काय दोन?"

"ही. दोन असतात?"

"एक डावीकडे, एक उजवीकडे. आठ सिलिंडरचं इंजिन आहे, कॉर्लिस. दोन्ही बाजूंना चार चार."

"त्या माणसाच्या इंजिनाला एकच होतं."

"कुठल्या माणसाच्या?"

तिने कप बोटीच्या कडेवर ठेवला, पाव त्यावर झाकणासारखा ठेवला. "व्हिडिओतल्या," ती म्हणाली. "लाल बोटवाल्या."

पहिल्यांदा त्याला आनंद झाला. तो आनंद इतका जोरात आला की त्याला हसूच फुटलं, बोटीच्या तळाशी बसून तो मोठमोठ्याने हसला. तो नव्हताच! सोमवार त्याचा नव्हताच, शोधूनही सापडला नाही कारण तो तिथे नव्हताच मुळी. तराफा कालचाच होता, काच कालच वर केली होती. "माझी डांगरी घातलीस तू!" तो म्हणाला.

"माझ्या कपड्यांना ग्रीस लागलं असतं."

"मर्लने हाक मारली तुला. बहिरा म्हणतोय मला."

"ओ दिली असती तर आवाज ओळखला असता ना त्याने. आतल्या आत जीव मुठीत धरून पडले होते." तीही हसत होती, पण तिचं हसणं आधी थांबलं. तिचं थांबल्यावर त्याला आपलंच ऐकू आलं, आणि मग तेही थांबलं.

"पण का?" तो म्हणाला. "आज करणारच होतो मी."

"काल रात्री गोठणार होतं, वेंडेल."

"हवामानवाले बुधवारी म्हणाले होते."

"सोमवारी. तूच शनिवारी मला सांगितलंस, सोमवारच्या रात्रीआधी पाणी काढायलाच हवं म्हणून. दोनदा सांगितलंस. रविवारी खुर्चीत बसलास. काल सकाळी म्हणालास, आज काही काम नाही, नदीवर चक्कर मारून येतो."

"मग आठवण करून द्यायची."

"मागच्या आठवड्यात दिली होती एकदा करून. तू बशी आपटलीस."

बशी आपटल्याचं त्याला आठवत होतं. आठवतंय याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. त्याने विजेरी घेतली आणि उजव्या बाजूचं लोखंड वरपासून खालपर्यंत पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. चीर दिसत नव्हती. एका रात्रीच्या थंडीने ब्लॉक फुटत नाही, हार्लनचा फुटायला आठवडा लागला होता. पाठ तिच्याकडेच ठेवून त्याने विचारलं, "माझ्यामागून आणखी काय काय करत असतेस?"

बसमधल्या मुलांची नावं वाचावीत तशा एकसारख्या आवाजात ती बोलली. गॅस बंद आहे का बघते. तुझ्या गोळ्या मोजते. मेमध्ये तू हार्लनला फोन लावलास, तेव्हा त्याच्या बायकोला मी नंतर फोन केला. हार्लन जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. हा फोन वेंडेलला आठवत नव्हता. त्याने आठवून पाहिला, आणि तिथे काहीच नव्हतं, मऊसुद्धा काही नव्हतं. तार सरळ आत गेली आणि कोरडी बाहेर आली. "काय म्हणालो मी तिला?" त्याने विचारलं. "हार्लनला विचार, मासे चढायला लागलेत, येतोस का," कॉर्लिस म्हणाली. "ती म्हणाली, विचारते."

त्याला राग यायला हवा होता. राग कुठे आहे ते तो शोधत होता. तू मला मूल समजतेस, असं म्हणायला हवं होतं. उलट तिच्या जागी आपण असतो तर हसून वेळ मारून नेली असती, असं मनात आलं. आणि एक गोष्ट त्याला उलगडत नव्हती: नेमकं चुकलं कोण? सोमवार विसरला तो. उजवी बाजू राहिली तिची, आणि ती सापडली त्याला. यातून काय ठरतं? काहीच ठरत नव्हतं. पाण्याची शेवटची ठिबक थांबली होती.

"थांब जरा," तो म्हणाला. "कागद आण. पूर्ण शिकून घे, नाहीतर लाल बोटवाला इंजिन फोडेल आपलं."

तिने आतून किराण्याच्या यादीचं पॅड आणि पेन्सिल आणली. तो सांगत गेला, ती लिहीत गेली आणि हातानेही करत गेली. धुराच्या नळ्यांची खालची दोन बुचं. गाळणीचं भांडं उघडून वाळू धुणं. पाणी फेकणाऱ्या पंपाच्या दांड्याला ग्रीस, जुनं बाहेर येईपर्यंत. मग सगळी बुचं परत, आट्यांवर पांढरी फीत गुंडाळून. वरच्या रबरी नळीतून न गोठणारं गुलाबी पाणी. तिला नरसाळं धरता येईना, म्हणून तो तिच्या हाताखाली हात धरून राहिला, आणि गुलाबी पाणी दोघांच्या बोटांवरून थोडं सांडलं. शेवटी हवेच्या तोंडातून तेलाचा फवारा, बॅटरी काढून तळघरात, आणि ताडपत्री. त्याला एकदाही अडखळावं लागलं नाही. पान्यांचे आकार त्याने न बघता सांगितले. ताडपत्रीची शेवटची दोरी बांधून झाल्यावर कॉर्लिसने फोनवर लाल बोटवाल्याचा व्हिडिओ लावला, यादीवरून बोट फिरवत गेली, आणि म्हणाली, "तुझी यादी याच्यापेक्षा मोठी आहे. तो चार गोष्टी विसरलाय."

"तरुण दिसतोय," वेंडेल म्हणाला.

स्वयंपाकघरात हात धुताना त्याला फार थकवा आला. खिडकीतून ताडपत्री दिसत होती. कॉर्लिस पाठमोरी उभी राहून सूप ढवळत होती आणि काही विचारत नव्हती, आणि ती विचारणार नाही हे त्याला समजलं; ती नुसती मागून सगळं तपासत राहील, त्याची डांगरी घालून, कितीही वर्षं. त्याने हात पुसले आणि भिंतीवरचा फोन उचलला. नंबर कपाटाच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर होता.

"डॉक्टरांची वेळ हवी होती," तो म्हणाला. मागे पळी थांबली. "वेंडेल हॉगेन." जन्मतारीख सांगितली. ती बरोबर सांगितली.

पलीकडची मुलगी काहीतरी टाइप करत राहिली. "मिस्टर हॉगेन, तुमची वेळ आहेच की. तेरा तारीख, पुढच्या आठवड्यात गुरुवारी, सकाळी सव्वादहा. बदलायची आहे का?"

"बायकोने घेतली असेल," तो म्हणाला, आणि कॉर्लिसकडे वळला. ती वळून बघत होती. तिने मान हलवली. नाही.

"नाही, इथे लिहिलंय, तुम्ही स्वतः फोन केला होतात. ऑक्टोबरच्या सहा तारखेला." मग तिने पुढचं वाचलं. "घरी फोन करू नका, बायकोला कळवू नका, असंही लिहिलंय. तुम्हीच सांगितलेलं."

"कशासाठी म्हणून लिहिलंय?"

"वाचून दाखवू?"

"वाचा."

"'नावं सापडत नाहीत. ओळखीच्या जागा ओळखू येत नाहीत. अजून बोट चालवतो.' एवढंच आहे. तुमचेच शब्द लिहून घेतले होते मी."

त्याने फोन कानाशी तसाच धरला. वाक्यं त्याची होती, तो असाच बोलतो, तोडून तोडून. ऑक्टोबरच्या सहा तारखेला एक माणूस याच स्वयंपाकघरात उभा राहिला होता, कॉर्लिस बाहेर जाईपर्यंत थांबला होता, आणि जे बोलायला त्याला आज सकाळपासून इतका वेळ लागला ते त्याने तीन वाक्यांत सांगून टाकलं होतं. त्या माणसाची त्याला आठवण नव्हती. पण तो त्याला आवडला. गुरुवारी येतो, असं सांगून वेंडेलने फोन ठेवला.

"किती तारखेची मिळाली?" कॉर्लिसने विचारलं.

"तेरा. गुरुवारी."

"इतक्या लवकर? शेजारच्या सुसानला तर दोन महिने थांबायला लावलं त्यांनी."

"मी आधीच घेऊन ठेवली होती. महिन्यापूर्वी."

तिने पळी खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्यात रागही होता; चाळीस वर्षं त्याला तो राग नीट ओळखता येत होता, आत्ताही आला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"मी मला तरी कुठे सांगितलं?" वेंडेल म्हणाला.